ताईंचा सत्कार आणि सातपूरचा वर्ग : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका ज्येष्ठ कथक शिक्षिकेच्या सत्काराचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत. विद्यार्थिनी त्यांना ताई म्हणतात, इथेही तेच ठेवलं आहे.

ताईंचं वय ७४. गंगापूर रोडवरच्या घरात, गच्चीशेजारच्या खोलीत त्यांनी वर्ग सुरू केला त्याला ४१ वर्षं झाली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना त्यांच्याकडून प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत मुली बसत आल्या. शहरात आज स्वतःचे वर्ग चालवणाऱ्या निदान सात-आठ जणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या आहेत.

हे सगळ्यांना माहीत होतं. कमी लोकांना माहीत असलेलं काम या वर्गाबाहेरचं होतं. सातपूरच्या कामगार वस्तीतल्या एका समाजमंदिरात बुधवारी आणि शनिवारी ताईंचा मोफत वर्ग २२ वर्षं चालू होता. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत आठवड्याला एक तास, मुलींच्या एका बालगृहात महिन्यातून दोन वेळा त्या जात. कर्णबधिर मुलांसाठी त्यांनी बसवलेली पद्धत साधी आणि नेमकी आहे. लाकडी फळ्यांचं वीतभर उंचीचं व्यासपीठ करायचं, त्याखाली सतरंजी घालायची नाही, आणि तबला-डग्गा त्याच फळ्यांवर ठेवायचा. तबल्याखालची चुंबळ (कापडाचं कडं) जाड असली तर कंप तिथेच मुरतो, म्हणून पातळ कापडाची वापरायची. डग्ग्याचा खर्ज (खोल आवाज) मुलांच्या तळपायाला लागतो, तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) नाजूक बोल लागत नाही, म्हणून ठेका वाजवताना डग्ग्यावर भर द्यायचा. सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, खाली (टाळीऐवजी हात उघडून दाखवायची मात्रा) कुठे हे समोर उभी राहिलेली एक मुलगी हाताने दाखवते. तीनतालाच्या १६ मात्रा मुलं आधी मोजून आणि मग पावलांतून शिकतात.

अडचण

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी जिने आणि पायपीट कमी करायला सांगितली. जूनपासून बाहेरचे वर्ग थांबवते, असं ताईंनी ऑक्टोबरमध्ये कळवलं. जुन्या विद्यार्थिनींनी लगेच व्हॉट्सअॅप गट केला, नऊ जणींची समिती ठरली आणि पहिल्याच बैठकीत सत्काराचा आराखडा तयार झाला: मोठं नाट्यगृह, प्रमुख पाहुणे, पाद्यपूजा, शाल-श्रीफळ, जाहिरातींची स्मरणिका आणि थैली.

ताईंनी नकार दिला. मुलींकडून माझ्यासाठी पैसे गोळा करायचे नाहीत, रंगमंचावर पाय धुवायचे नाहीत, आणि बुधवारी सातपूरला कोण जाणार ते आधी सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं.

समितीने हा नकार विनय समजून पहिले तीन आठवडे मनधरणीत घालवले. आमच्या मते या प्रकरणातली ही सर्वांत महाग चूक होती. ताईंनी एक सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर नऊपैकी एकीकडेही नव्हतं. सातपूरच्या वर्गाला भाडं किती, तबलजींना काय देतात, किती मुली येतात, किल्ली कोणाकडे असते, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. चौथ्या आठवड्यात समितीतल्या दोघी बुधवारी सातपूरला जाऊन वर्गात मागे बसल्या. तिथे ३४ मुली होत्या आणि घुंगरांच्या १९ जोड्या. म्हणून अर्ध्या मुली घुंगरू बांधून नाचत, उरलेल्या हातावर ताल धरून बोल म्हणत, आणि अर्ध्या तासाने जोड्या बदलत. तबलजींचे पैसे आणि मुलींचं परीक्षा शुल्क ताई घरच्या वर्गाच्या फीमधून भरत होत्या. घरचा वर्ग कमी झाला की सातपूरचा आपोआप बंद पडणार होता.

कोणते पर्याय तपासले

शासकीय पुरस्कारासाठी प्रयत्न करावा, असं काहींचं म्हणणं होतं. पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो, त्यासाठी जास्तीत जास्त ८०० शब्दांचं निवेदन लागतं. राज्याच्या सांस्कृतिक पुरस्कारांतही नृत्याचा विभाग आहे. शहरात कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा गोदावरी गौरव आहे, पण तो प्रतिष्ठान स्वतः ठरवतं; तिथे आग्रह धरणं शोभलं नसतं. शिफारशीची कागदपत्रं जमवायला घेतली तेव्हा लक्षात आलं की तारखांसकट लिहिलेलं काहीच नाही. वर्तमानपत्रातली कात्रणं होती, पण कात्रण कापताना तारीखही कापली गेली होती. हा पर्याय पुढच्या वर्षावर टाकला. तो टाकताना दस्तऐवज जमवण्याचं काम मात्र लगेच सुरू केलं, हे बरं झालं.

थैलीचा पर्याय ताईंना नको होताच, शिवाय त्यात कराची अडचण होती. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली भेट ५०,००० रुपयांच्या वर गेली की वरची रक्कमच नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. दीड-दोन लाखांची थैली देऊन वर ज्येष्ठ शिक्षिकेला विवरणपत्राचं काम लावणं कोणालाच पटलं नाही.

राहिला निधीचा पर्याय: ताईंच्या हातात काही न देता सातपूरचा वर्ग दोन वर्षं चालेल एवढी तरतूद करायची आणि सत्काराच्या दिवशी त्याचा हिशेब ताईंपुढे ठेवायचा. सुरुवातीला काही जुन्या विद्यार्थिनींना हे कोरडं वाटलं. गुरूला काही अर्पण करायचं तर ते हातात द्यायला हवं, ही भावना खरी आहे आणि तिला उडवून लावणं चूक ठरलं असतं. तोडगा असा निघाला की प्रत्येक तुकडीने एक घुंगरांची जोडी आणायची, ती ताईंच्या हातात द्यायची, आणि ताईंनी ती सातपूरच्या मुलींना द्यायची. लहान मुलींसाठी एका पायाला ५० घुंगरू, मोठ्यांसाठी १००. घुंगरू पितळी, सुती दोरीत प्रत्येक घुंगराला गाठ मारून ओवलेले. पट्ट्यावर शिवलेले लवकर बांधून होतात, पण शिवण उसवली की चार-पाच एकदम गळतात. दोरीचा एक गेला तर एकच जातो.

पैशांचा मार्ग

इथे समिती थोडक्यात वाचली. सुरुवातीला एका सदस्येच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने वर्गणी यायला लागली होती. सार्वजनिक कामासाठी नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं हेच करतात. नवी संस्था नोंदवायला किमान सात सभासद, घटना आणि वेळ लागतो. समितीने दोन्ही टाळून शहरातल्या एका नोंदणीकृत न्यासाला विनंती केली आणि त्याच्या हिशेबात या वर्गासाठी स्वतंत्र निधी ठेवून घेतला. वैयक्तिक खात्यावर आलेले पैसे ज्याचे त्याला परत करून पुन्हा न्यासाच्या खात्यावर मागवले. त्यात दहा दिवस गेले आणि काही जणी नाराजही झाल्या, पण प्रत्येकीला पावती मिळाली.

दुसरा खड्डा परदेशातल्या विद्यार्थिनींचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थ व्यक्तीने नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे परकीय अंशदान धरले जात नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीचे मात्र धरले जातात, ती मूळची पंचवटीची का असेना. परकीय अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेने ते घेता येत नाहीत. अकरा जणींना हे कळवावं लागलं. त्यांच्याकडून पैशांऐवजी वेळ मागितला; तो कशासाठी वापरला ते पुढे येईल.

जमा झाले ४,३५,००० रुपये. कार्यक्रमाचा खर्च १,५२,००० झाला, उरले २,८३,०००. वर्गाचा महिन्याचा खर्च असा धरला: शिक्षिकेचं मानधन ६,०००, तबलजींचं ४,०००, प्रवास आणि किरकोळ १,५००. म्हणजे वर्षाला १,३८,००० आणि दोन वर्षांना २,७६,०००. शिक्षिका म्हणून सातपूरच्या वर्गातच शिकून मंडळाची विशारद परीक्षा पूर्ण केलेली मुलगी ताईंनी निवडली.

तारीख आणि जागा

गुरुपौर्णिमा सर्वांच्या मनात होती. पण आषाढ पौर्णिमा पडते जुलैच्या आसपास, नाशिकला तेव्हा पावसाचा जोर असतो आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर गोदाकाठच्या हालचाली ठरतात. शिवाय ताई जूनपासून थांबणार होत्या. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात. त्यामुळे जानेवारी अखेरचा शनिवार धरला. शनिवार एवढ्यासाठी की सातपूरच्या बहुतेक पालकांच्या कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी होती. आधी रविवार ठरला होता. वर्गात जाऊन बसलेल्या दोघींपैकी एकीने हे विचारून घेतलं म्हणून बदलला.

गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणाचं आकर्षण होतं. वसंत व्याख्यानमालेची जागा, शहराच्या आठवणीतली. पण दगडी फरशीवर अनवाणी तत्कार (पावलांनी ताल वाजवणं) करणं टाचांना आणि गुडघ्यांना मारक, वर लाकडी मंच उभारायचा खर्च, आणि उघड्यावर पावलांचा आवाज विरून जातो. महाकवी कालिदास कलामंदिर हे शहरातलं मोठं नाट्यगृह भरेल का, याची खात्री नव्हती. शेवटी लाकडी रंगमंचाचं मध्यम सभागृह घेतलं, आणि पाहणीला जाताना ताईंचे घरचे लोक सोबत नेले. मंचावर जायला प्रेक्षागृहातून पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. मागच्या बाजूने रॅम्प होता. ताईंची ये-जा तिथूनच ठेवली. खुर्ची हात असलेली आणि १८ इंच उंच बैठकीची आणली. सोफा मुद्दाम टाळला, कारण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खोल बैठकीतून उठणं हा चारचौघांसमोरचा त्रास असतो.

कार्यक्रमाचं गणित

पहिल्या आराखड्यात सर्व १४० मुलींनी एकेक फूल देऊन नमस्कार करायचा होता. एकीला २० सेकंद धरले तरी ४६ मिनिटं ४० सेकंद होतात, आणि तेवढा वेळ ताई उभ्या. हे गणित फळ्यावर मांडल्यावर वाद संपला. प्रत्येक तुकडीची एकच प्रतिनिधी, तीही घुंगरांची जोडी घेऊन.

बाकी वेळ असा बसवला: १२ नृत्यं सरासरी ७ मिनिटांची म्हणजे ८४ मिनिटं, दोन नृत्यांमधली ये-जा दीड मिनिट म्हणून १८, मानपत्र आणि अर्पण १५, भाषणं मिळून १२, आणि १५ मिनिटं उशिरासाठी राखीव. एकूण २ तास २४ मिनिटं. सत्कार शेवटी न ठेवता सुमारे ४० मिनिटांनंतर ठेवला, म्हणजे पुढचं सगळं ताईंना पहिल्या रांगेतून बघता आलं. प्रमुख पाहुणे ३५ मिनिटं उशिरा आले, तरी या क्रमामुळे कोणाला थांबावं लागलं नाही.

मानपत्राचा पहिला मसुदा विशेषणांनी भरलेला होता. व्रतस्थ, तपस्विनी, ज्ञानगंगा. असं मानपत्र कोणालाही देता येतं. दुसऱ्या मसुद्यात फक्त घडलेलं ठेवलं: कोणत्या वर्षी कुठे वर्ग सुरू झाला, कोणाकडे शिकल्या, फळ्यांचं व्यासपीठ कसं केलं, १९ जोड्या ३४ मुलींना कशा पुरवल्या. सुमारे ३५० शब्द, वाचायला तीन-साडेतीन मिनिटं. छापण्याआधी ताईंना वाचून दाखवलं, आणि तिथे एक मोठी चूक सापडली. मसुद्यात त्यांना एकाच घराण्याचं म्हटलं होतं, त्या दोन गुरूंकडे दोन वेगळ्या परंपरांत शिकल्या आहेत. दुसऱ्या गुरूंचं नाव गाळलेलं मानपत्र भिंतीवर लावणं त्यांना जड गेलं असतं.

तिहाईचा प्रश्न

तीन पिढ्यांनी मिळून एक तिहाई (एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) करायची, असं ठरलं होतं. तीनतालात ५ मात्रांचा पल्ला (तिहाईचा एक फेरा) तीनदा. तालमीत पहिल्या दोन रविवारी ती जमेना आणि कारणही कळेना. तिसऱ्या तालमीत सगळ्यांना नुसती पढंत (बोल तोंडाने म्हणणं) करायला लावली तेव्हा उलगडलं. ऐंशीच्या दशकातल्या मुली ती ‘बेदम’, म्हणजे मध्ये दम न घेता करायची, अशी शिकल्या होत्या: तिसऱ्या मात्रेवरून उठायचं, मध्ये न थांबता १५ मात्रा, आणि शेवटचा धा समेवर. नंतरच्या मुलींना ताईंनी ती दमदार करून दिली होती: समेवरून उठायचं, प्रत्येक पल्ल्यानंतर एका मात्रेचा दम, ५ आणि १ आणि ५ आणि १ आणि ५ मिळून १७, म्हणजे पुढची सम. दोन्ही बरोबर, पण एकत्र केल्या की पाय एकमेकांत अडकणार.

जुन्या मुलींनी आपली बेदम तिहाई आधी स्वतंत्र करून दाखवली. एकत्रित तिहाईसाठी दमदार घेतली, कारण एका मात्रेच्या त्या दमात एक पिढी थांबते आणि दुसरी उचलते. पहिला पल्ला जुन्यांचा, दुसरा मधल्यांचा, तिसरा सातपूरच्या मुलींचा. वीस-वीस वर्षं न नाचलेल्या सहा जणींचे घोटे आणि गुडघे सहा आठवड्यांच्या रियाजानेही तयार होणार नव्हते. त्यांना मंचाच्या कडेला साथीदारांजवळ बसवून पढंत दिली. त्यांना हे दुय्यम वाटेल अशी भीती होती. प्रत्यक्षात बोल सर्वांत स्वच्छ त्यांचेच आले.

ध्वनीत एक गोष्ट चुकली. पावलांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला फोमवर दोन चपटे माइक ठेवले होते, ते छान चालले. पण मागच्या ओळीतल्या मुलींना लहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी सुरावट) ऐकू जाईल असा मॉनिटर मागे लावला नव्हता. चौथ्या नृत्यात मागची ओळ अर्धी मात्रा मागे पडली. पाचव्या नृत्याआधी बाजूचा एक मॉनिटर मागे वळवला. ध्वनितपासणी रिकाम्या मंचावर झाली होती; पुढे दोन ओळी उभ्या राहिल्यावर आवाज अडतो, हे तेव्हा कळलं नाही.

बालगृहातल्या मुली

ध्वनिचित्रफितीत बालगृहातल्या वर्गाची दृश्यं घ्यावीत, असा आग्रह होता. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये जुने फोटोही होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. चेहरा धूसर केला तरी संस्था, वार आणि शिक्षिका कळल्यावर ओळख फार लपत नाही. फोटो वापरले नाहीत, मुलींना मंचावर आणलं नाही, निवेदनात संस्थेचं नाव घेतलं नाही. पण त्यांना नुसतं वगळणं ताईंना मान्य नव्हतं. पुढच्या आठवड्यात अधीक्षकांच्या परवानगीने पाऊण तासाचा कार्यक्रम बालगृहातच केला. कॅमेरा नाही, मोबाइल दारात जमा. तिथे त्या मुली स्वतः नाचल्या.

वह्या आणि आवाज

ताईंकडे बोलांच्या ३१ वह्या आहेत. परदेशातल्या अकरा जणींचा वेळ इथे कामी आला. वह्यांची छायाचित्रं त्यांना पाठवली आणि त्यांनी ती युनिकोडमध्ये उतरवली. पण वहीत लय लिहिलेली नसते, म्हणून ताईंच्या आवाजात पढंत ध्वनिमुद्रित करायची ठरली: ४० मिनिटांच्या १४ बैठका, लहऱ्यावर, टाळीसकट. पहिल्या दोन बैठका वाया गेल्या, कारण मोबाइलमधल्या ध्वनिमुद्रकाने टाळीला गोंगाट समजून ती पुसट केली आणि सम कुठे ते ऐकून कळेना. नंतर साधा स्वतंत्र रेकॉर्डर घेतला, वेव्ह स्वरूपात, आवाजाची आपोआप होणारी सफाई बंद ठेवून. गुरूंकडून मिळालेल्या काही परणी (पखवाजाच्या बोलांच्या रचना) आंतरजालावर टाकायच्या नाहीत, असं ताईंनी सांगितलं. त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, शिकणाऱ्यांनाच मिळतात.

काय झालं

कार्यक्रम ५.३० ला सुरू होऊन ८.१० ला संपला. ताईंनी घुंगरांच्या १५ जोड्या सातपूरच्या मुलींना दिल्या. १९ आणि १५ मिळून ३४. हा आकडा मुद्दाम जमवला होता आणि पालकांच्या तो लगेच लक्षात आला. जूनमध्ये सातपूरचा वर्ग नव्या शिक्षिकेकडे गेला. पहिल्या तीन महिन्यांत मुली २६ वर आल्या, कारण काही जणी ताईंसाठीच येत होत्या. ताई महिन्यातून एका शनिवारी रिक्षाने जाऊन बसायला लागल्यावर आकडा ३० वर स्थिरावला. कर्णबधिर शाळेतला तास मात्र बंद पडला. ती पद्धत येणारी दुसरी शिक्षिका तयार नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

कर्णबधिर शाळेचं काम वाचवता आलं असतं, असं आम्हाला वाटतं. ऑक्टोबर ते जून आठ महिने हातात होते. एखाद्या विशारद मुलीने ताईंबरोबर आठवड्याचा तो एक तास बसायला सुरुवात केली असती, तर तीसेक तास शिकता आले असते. समितीचं सगळं लक्ष सातपूरवर गेलं, कारण तिथला खर्च आकड्यांत मांडता येत होता. शाळेतल्या तासाला खर्चच नव्हता, म्हणून तो कोणत्याही यादीत आला नाही.

सातपूरच्या मुलींच्या परतीचा विचारही उशिरा झाला. ८.१० नंतर सामान आवरून निघेपर्यंत नऊ वाजले, त्या वेळी बसची वाट बघणं पालकांना नको होतं, आणि ऐनवेळी दोन टेंपो ट्रॅव्हलर जादा दराने घ्यावे लागले. दुपारचा कार्यक्रम ठेवला असता तर हे टळलं असतं.

निधी दोन वर्षांचा आहे. त्यातलं पहिलं वर्ष मेमध्ये संपेल. तिसऱ्या वर्षाची वर्गणी जानेवारीतच मागायची, आणि फळ्यांचं ते व्यासपीठ, जे आता शाळेच्या अडगळीच्या खोलीत उभं करून ठेवलं आहे, ते सातपूरला आणून तिथल्या दोन मोठ्या मुलींना ताईंकडून ती पद्धत शिकवून घ्यायची, असं समितीने ठरवलं आहे. व्यासपीठ समाजमंदिराच्या दारातून आत जाईल का, ते मोजून झालं आहे. दोन फळ्या सोडवाव्या लागतील.